घर घ्यायचं, पण शाळेच्या झोनसाठी नाही

पत्र:

ताई,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका अपार्टमेंटमध्ये राहतो. नवरा आणि मी, दोघंही एच-वनवर. मुलगी चौथीत आहे, मुलगा येत्या 20 सप्टेंबरला पाच वर्षांचा होईल. गेल्या महिन्यात प्रॉस्पर आयएसडी या शाळांच्या डिस्ट्रिक्टमध्ये एका बिल्डरकडे घर बुक केलं. ताबा ऑक्टोबरात. सेल्स ऑफिसमधल्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं की एलिमेंटरी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलगा याच वर्षी तिथे किंडरगार्टनला जाईल. माझ्यापुरतं घर घेण्याचं खरं कारण तेच. आता तिकडे आधी राहायला गेलेली एक मैत्रीण म्हणते, त्या शाळेवर विसंबू नकोस, नव्या शाळा उघडल्या की कुठल्या घरांना कुठली शाळा ते ठरवणारे झोन बदलतात. नवरा म्हणतो, डिस्ट्रिक्ट तोच राहणार ना, मग शाळा कुठलीही मिळू दे. मुलीच्या आतापर्यंत दोन शाळा बदलून झाल्यात, तिसरी म्हटलं की रडते. घरावरच्या टॅक्सचा आकडा ऐकून साताऱ्याहून सासरे म्हणाले, एवढ्या पैशांत तुम्ही शाळाच काढाल. मैत्रिणीने आणखी एक भीती घातली आहे: प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहू नकोस, मुलाला वेगळं बसवतात. बुकिंगचे पैसे अडकलेत. घर ठेवावं की सोडावं?

– एक गोंधळलेली आई

उत्तर:

आधी उत्तर सांगते, मग कारणं. घर आवडलं असेल, हप्ता आणि टॅक्स झेपत असेल, तर ठेव. पण त्या बोटाखालच्या शाळेसाठी ठेवत असशील तर आजच थांब. ती शाळा त्या बाईंनी तुला विकलेली नाही, ती त्यांच्या हातात नव्हतीच. करारनामा काढून बघ. शाळांबद्दल आम्ही कसलीही हमी देत नाही, अशा अर्थाचं कलम बिल्डरच्या करारात बहुधा असतं. सही करताना ते कोणी वाचत नाही, कारण त्या वेळी आपण स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटचा रंग निवडत असतो.

तुझी मैत्रीण झोनबद्दल बरोबर आहे आणि फॉर्मबद्दल साफ चूक. नवरा निम्मा बरोबर आहे. सासऱ्यांचा विनोद मात्र मला आवडला.

प्रॉस्पर म्हटलं की आपल्या लोकांना एक गाव डोळ्यांसमोर येतं. प्रॉस्पर आयएसडी म्हणजे ते गाव नव्हे. कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलेला हा शाळांचा स्वतंत्र कारभार आहे. त्यात प्रॉस्पर गाव येतं, शिवाय सेलायना, फ्रिस्को आणि मकिनी यांचे तुकडे येतात, आणि कुठल्याच गावाच्या हद्दीत न बसणाऱ्या काही वसाहतीही. त्याचं मंडळ वेगळं, निवडणूक वेगळी, टॅक्स वेगळा. गावाच्या नगरपालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणूनच पत्ता ‘मकिनी’ असलेल्या घरातली मुलं प्रॉस्परच्या शाळेत जाऊ शकतात. उलट सेलायनाची बरीचशी मुलं सेलायनाच्या स्वतःच्या आयएसडीत जातात. जाहिरातीत किंवा घरांच्या अ‍ॅपवर काय लिहिलंय यावर जाऊ नकोस. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शाळा शोधायची सोय असते. नव्या रस्त्याचं नाव तिथे अजून चढलेलं नसेल, तर नोंदणी कार्यालयाला फोन करून लॉट क्रमांक सांगायचा.

आता शाळेच्या झोनची रेघ हलते का, ते समजून घे. 2010 च्या जनगणनेत प्रॉस्पर गावाची लोकसंख्या 9,423 होती, 2020 मध्ये 30,174. शेजारचं सेलायना 2022 ते 2023 या एका वर्षात 26.6 टक्क्यांनी वाढलं. वीस हजारांवर वस्ती असलेल्या अमेरिकी शहरांत तो त्या वर्षीचा सर्वाधिक वेग होता. ही माणसं एकटी येत नाहीत, दप्तरं घेऊन येतात. 2020 च्या ऑगस्टपर्यंत सगळ्या डिस्ट्रिक्टला मिळून एकच हायस्कूल होतं. त्या वर्षी रॉक हिल उघडलं, 2023 मध्ये वॉलनट ग्रोव्ह, 2025 मध्ये रिचलंड. पाच वर्षांत एकाची चार झाली, आणि प्रत्येक नव्या शाळेसाठी जुन्या शाळांच्या हद्दीतून मुलं काढून द्यावी लागली. एलिमेंटरी शाळांची यादी तर मी लिहीतही नाही, हे छापून येईपर्यंत ती जुनी झालेली असेल. (रॉक हिल आणि रिचलंड या मूळच्या दोन शेतकरी वस्त्या. 1902 च्या सुमारास रेल्वे आली, लोक रुळांशेजारी सरकले आणि त्यातून प्रॉस्पर उभं राहिलं. वस्त्या पुसल्या गेल्या, त्यांची नावं आता फुटबॉलच्या जर्सीवर सापडतात.)

अशा डिस्ट्रिक्टमध्ये झोन बदलणं हा काही कुणाचा गलथानपणा नाही. वाढत्या अंगाच्या पोराची चड्डी दर दिवाळीला आखूड होते, तसंच हे. तिथे एक डेमोग्राफर नेमलेला असतो. कुठल्या वसाहतीत किती प्लॉट रिकामे, किती घरांचा पाया घातलाय, एका घरामागे किती मुलं येतात, याचा हिशेब करून तो पुढच्या दहा वर्षांचा अंदाज मंडळासमोर मांडतो. शाळा भरली की आधी आवारात पोर्टेबल वर्ग येतात. टेक्सासच्या कायद्याने चौथीपर्यंत एका वर्गात 22 मुलांची मर्यादा आहे. ती ओलांडायची तर राज्याकडून सूट मागावी लागते. मग नवी शाळा बांधली जाते, नकाशाचे दोन-तीन पर्याय निघतात, सभा होतात, कुठल्या तरी वसाहतीतले लोक रंगीत टीशर्ट घालून येतात, आणि शेवटी मंडळ मतदान करतं.

हा डेमोग्राफरचा अहवाल गुप्त नसतो. मंडळाच्या बैठकीच्या कागदपत्रांत तो मिळतो आणि त्यात वसाहतींची नावानिशी यादी असते. तुझ्या वसाहतीचं नाव शोध. तुझ्या बोटाखालच्या शाळेच्या हद्दीत अजून शेकड्यांनी प्लॉट रिकामे असतील, तर त्या शाळेची रेघ हलणार हे सांगायला ज्योतिषी नको. उलट आजूबाजूची सगळी घरं बांधून, विकून झाली असतील, तर ती बऱ्यापैकी स्थिर राहील. रिअल्टरपेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो. नवऱ्याला एक्सेल आवडत असेलच, त्याला बसव.

मुलाकडे येते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गफलत तिथे आहे. टेक्सासमध्ये किंडरगार्टनला जायचं तर 1 सप्टेंबरला किंवा त्याआधी पाच वर्षं पूर्ण असावी लागतात. तुझा मुलगा 20 सप्टेंबरचा. तो या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला बसणारच नाही, पुढच्या वर्षी बसेल. सेल्स ऑफिसमधल्या बाईंनी हे विचारलं नसणार आणि तूही सांगितलं नसशील. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी वयाची तारीख 31 डिसेंबर धरतात, त्यामुळे आपल्या डोक्यात वर्षाचा शेवट बसलेला असतो. म्हणजे ज्या शाळेवरून तुम्हा दोघांचं वाजलंय, तिच्याशी त्याची गाठ पडायला अजून सव्वा वर्ष आहे. तेवढ्यात तो नकाशा एकदा तरी पुन्हा काढला जाण्याची बरीच शक्यता धरून चाल. मग त्याची पाचवीपर्यंतची सहा वर्षं. त्यासाठी बघायचं ते हे: तुझ्या घरापासून गाडीने दहा-बारा मिनिटांत ज्या तीन-चार शाळा आहेत, त्यांपैकी कुठलीही मिळाली तर तू झोपू शकशील का? शकशील, तर घर ठीक आहे. त्यातल्या एकीसाठीच जीव अडकला असेल, तर घर चुकीचं आहे.

आता फॉर्म. पहिल्यांदा टेक्सासच्या सरकारी शाळेत नाव घालताना घरच्या भाषेची प्रश्नावली देतात. घरात बहुतेक वेळ कुठली भाषा बोलता, मूल बहुतेक वेळ कुठली बोलतं, असे प्रश्न असतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली, तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतात. बस. त्यात तो पास झाला तर विषय संपला. नाही झाला तर त्याला इंग्रजीसाठी जास्तीची मदत देऊ करतात, तीही पालकांच्या संमतीने; नको असेल तर नाही म्हणता येतं. ‘वेगळं बसवतात’ ही आपल्या लोकांतली जुनी अफवा आहे. गणपतीच्या रांगेत प्रसादाबरोबर वाटली जाते. प्राथमिक वर्गात बहुधा होतं ते इतकंच, की तसं प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका काही वेळ त्याच्याबरोबर जास्त काम करते. डिस्ट्रिक्टला त्यासाठी राज्याकडून वेगळा निधीही मिळतो.

तुझ्या बाबतीत तर मराठी लिहिण्यात फायदा असू शकतो. टेक्सासमध्ये मोफत प्री-के, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग, सगळ्यांना नसतो. कमी उत्पन्न, सैन्यातले पालक अशा काही अटींपैकी एक लागू पडावी लागते. त्या अटींत एक अशी आहे: मुलाला इंग्रजी बोलता-समजता येत नसणं. 1 सप्टेंबरला तुझा मुलगा चार वर्षांचा असेल, म्हणजे वय बसतं. घरी आजीशी व्हिडिओ कॉलवर गप्पा आणि डेकेअर नाही, असं असेल तर तो चाचणीत त्या गटात येऊ शकतो, आणि चार वर्षांच्या पात्र मुलांसाठी इथे पूर्ण दिवसाचं प्री-के असतं. डेकेअरचं महिन्याचं बिल डोळ्यांसमोर आण. मैत्रिणीच्या सल्ल्याने ‘इंग्लिश’ लिहून टाकलं असतंस, तर हा दरवाजा स्वतःच्या हाताने लावला असतास. उलट तो फडाफडा इंग्रजी बोलत असेल आणि घरात तुम्हीही मुलांशी इंग्रजीतच बोलत असाल, तर तेच खरं लिही. फॉर्मवर अभिमान दाखवायचा नसतो, लपवाछपवीही करायची नसते. भरताना चुकलंच, तर नाव घातल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आणि चाचणी झालेली नसेल तरच दुरुस्ती मागता येते. तेव्हा घाईत फोनवर भरू नकोस.

मुलगी. पत्रात तिच्यासाठी तू दोन ओळी लिहिल्यास आणि शाळेच्या अंतरावर पाच. पण खरा प्रश्न तिचा आहे. प्रॉस्परमध्ये एलिमेंटरी पाचवीपर्यंत, मिडल स्कूल सहावी ते आठवी. म्हणजे ऑगस्टमध्ये ती पाचवीत जाईल, तुमच्या सध्याच्या योजनेप्रमाणे ऑक्टोबरात वर्गाच्या मधोमध नव्या शाळेत येईल, आणि दहा महिन्यांत पुन्हा मिडल स्कूलला. एका वर्षात दोन बदल, तेही दोनदा भाजलेल्या पोरीला. हे मला पटत नाही.

शक्य असेल तर तिची पाचवी जुन्या शाळेतच पूर्ण होऊ दे. सहावीत तीन-चार एलिमेंटरींतून मुलं एकत्र येतात, सगळेच नवे असतात, लॉकर उघडता न येणारी ती एकटीच नसते. त्यासाठी वर्षाच्या मधे घर बदललं तर वर्ष पूर्ण करू देता का, हे सध्याच्या डिस्ट्रिक्टला लेखी विचार. काही डिस्ट्रिक्ट देतात, काही ट्रान्सफरचा अर्ज मागतात. बस मिळणार नाही, गाडीने सोडावं लागेल आणि सकाळी 380 नंबरच्या हायवेवरची रांग तुला माहीत आहेच. एका शैक्षणिक वर्षाचा हा त्रास मी घेईन म्हणते. नाहीच जमलं, तर उलट टोकाला जा: विक्रीचा करार दाखवून ताबा मिळण्याआधी, ऑगस्टपासूनच नव्या शाळेत प्रवेश मिळतो का, ते प्रॉस्परला विचार. तशी सोय काही डिस्ट्रिक्ट ठरावीक दिवसांच्या मुदतीत देतात. पहिल्या दिवसापासून वर्गात असणं आणि ऑक्टोबरात दारात उभं राहून ओळख करून दिली जाणं, यात दहा वर्षांच्या मुलीसाठी फार अंतर आहे. यातलं काहीही झालं तरी मैत्रिणीचा पत्ता द्यायची युक्ती करू नकोस. खोटा पत्ता देऊन प्रवेश घेणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि डिस्ट्रिक्ट शिक्षणाचा खर्चही वसूल करू शकतो. व्हिसावर असताना असला धोका कशाला?

तिला काय सांगायचं, हेही तू विचारलं नाहीस, पण सांगते. ‘आता ही शेवटची शाळा’ असं वचन देऊ नकोस. मिडल स्कूलच्या मधे झोन बदलला, तर तुझा शब्द खोटा पडेल आणि तेव्हा ती तेरा वर्षांची असेल. झोन बदलताना शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना, विशेषतः हायस्कूलच्या बारावीच्या मुलांना, तिथेच राहू द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मधल्या वर्गांना ती सवलत मिळेलच असं नाही.

नवऱ्याच्या ‘डिस्ट्रिक्ट तोच राहणार’ या म्हणण्यात तथ्य आहे. अभ्यासक्रम, शिक्षकांचे पगार, विशेष शिक्षणाच्या सोयी, बँड, ऑर्केस्ट्रा हे सगळं डिस्ट्रिक्ट ठरवतो. एका शाळेतून शेजारच्या शाळेत गेल्याने पोराचं भविष्य बुडत नाही. संकेतस्थळांवरचे दहापैकी गुण बघून घर घेणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की गेल्या ऑगस्टमध्ये उघडलेल्या शाळेला गुण कुठून येणार? तिथे परीक्षाच झालेल्या नसतात. नव्या शाळेबद्दल विचारायचं ते हे, की मुख्याध्यापक कुठून आले आणि सोबत किती अनुभवी शिक्षक घेऊन आले.

पण ‘टॉप डिस्ट्रिक्ट’ हेही कायमचं लेबल नसतं, हे त्याला सांग. याच रस्त्याने आधी गेलेल्या शेजाऱ्यांकडे बघा. फ्रिस्को आयएसडीत 2000 च्या सुमारास 7 हजारांच्या आसपास मुलं होती. पुढच्या दोन दशकांत ती 60 हजारांच्या पुढे गेली. तिथेही दरवर्षी शाळा उघडत होत्या, फिती कापल्या जात होत्या. मग घरं महागली, तरुण जोडपी आणखी उत्तरेला सरकली, आधी आलेल्यांची मुलं मोठी झाली पण आईबाप त्याच घरात राहिले. पटसंख्या उतरू लागली, आणि 2024-25 च्या अखेरीस फ्रिस्कोने स्टेली मिडल स्कूल बंद केलं. प्लेनोने तर त्याच वर्षाअखेर चार शाळा बंद केल्या. त्या शाळा वाईट होत्या म्हणून नव्हे, मुलं उरली नाहीत म्हणून. तुझा मुलगा बारावीत जाईल तेव्हा प्रॉस्पर त्या वळणावर असू शकेल. घर दहा-पंधरा वर्षांसाठी घेताय, तर हेही धरून घ्या.

हायस्कूलच्या रँकची काळजी आत्ता करायची नाही. पण तुझ्या नवऱ्यासारखे बाबा चौथीतच यूटी ऑस्टिनचं, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं, बोलायला लागतात, म्हणून एकच सांगते: तिथे थेट प्रवेशासाठी आता आपापल्या हायस्कूलच्या पहिल्या पाच टक्क्यांत असावं लागतं. पूर्वी सहा टक्के होते. जिथे सगळेच अभ्यासू, तिथे ते पाच टक्के कठीण. ‘सर्वोत्तम’ शाळेची ही दुसरी बाजू.

पैसे. इथे सासऱ्यांचं म्हणणं गंमत म्हणून सोडू नकोस. प्रॉस्पर आयएसडीचा टॅक्सचा दर गेल्या काही वर्षांत घराच्या किमतीच्या 100 डॉलरमागे सव्वा डॉलरच्या आसपास आहे. त्यातले 50 सेंट नुसते इमारतींच्या कर्जाचे. नवे रोखे काढताना राज्याच्या नियमाने त्या भागाची कमाल पातळी तेवढीच धरतात, म्हणजे हा डिस्ट्रिक्ट काठाला टेकलेला आहे. समजा घर 7 लाखांचं. स्वतः राहत असाल तर शाळेच्या टॅक्ससाठी 2025 पासून 1 लाख 40 हजार डॉलरची होमस्टेड सूट मिळते. उरलेल्या 5 लाख 60 हजारांवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला 7 हजार डॉलर, फक्त शाळेचे. काउंटी, गाव, कम्युनिटी कॉलेज वेगळे. आणि नव्या वसाहतींत बहुतेक वेळा मड (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) किंवा पिड (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) असतो, म्हणजे पाणी, रस्ते, गटारं बांधायला काढलेल्या कर्जाचा आणखी एक टॅक्स किंवा आकार. तो सेल्स ऑफिसमध्ये हळू आवाजात सांगतात.

नव्या घरात एक सापळा असतो, त्यात आपले कितीतरी लोक पडलेत. टॅक्स 1 जानेवारीच्या स्थितीवर लागतो. यंदा 1 जानेवारीला तुमचा प्लॉट मोकळा असेल, तर यंदाचं बिल जमिनीपुरतं येईल आणि मॉर्गेज कंपनी त्यावरून एस्क्रो, म्हणजे टॅक्ससाठी हप्त्यातून बाजूला काढायची रक्कम, धरेल. पुढच्या वर्षी अख्ख्या घराचं बिल आलं की हप्ता एकदम काहीशे डॉलरनी वाढतो, वर मागची तूटही वसूल करतात. तेव्हा पहिल्यापासून पूर्ण घराच्या टॅक्सवर हप्ता काढून बघा आणि फरक वेगळा साठवा. राहायला गेल्यावर लायसन्सवरचा पत्ता बदलून होमस्टेडचा अर्ज लगेच करा. तो आपोआप मिळत नाही.

या पैशाचं काय होतं? 2023 च्या नोव्हेंबरमध्ये प्रॉस्परने सुमारे 2.8 अब्ज डॉलरचे रोखे चार प्रस्तावांत मतदारांपुढे ठेवले होते. शाळा बांधण्याचा सगळ्यात मोठा प्रस्ताव लोकांनी मंजूर केला. आकडा ऐकून लोकांना वाटतं, मग शिक्षकांना पगार कमी का? कारण रोख्यांचा पैसा इमारती, जमीन, बस, उपकरणं यांवरच खर्च करता येतो, पगारावर नाही. पगार दुसऱ्या खिशातून जातो, आणि तो खिसा राज्याच्या सूत्राने बांधलेला असतो. म्हणूनच 12 हजार आसनांचं स्टेडियम असलेल्या डिस्ट्रिक्टमध्येही शिक्षिका स्वतःच्या पैशाने खडू-कागद आणताना दिसते. मला हे अजूनही पचत नाही, पण फुटबॉलबद्दल टेक्सासमध्ये जपून बोलावं.

राज्याचा पैसा पटावरच्या नावांवर मिळत नाही, मुलांच्या रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. तेव्हा डिसेंबरात महिनाभर साताऱ्याला जायचा बेत असेल तर आवर. शाळेचं नुकसान एक वेळ सोड, पण कायद्याने वर्गाच्या 90 टक्के दिवस हजेरी असल्याशिवाय त्या वर्षाचं क्रेडिट अडचणीत येतं. मग समितीसमोर कारण द्यावं लागतं. उन्हाळ्यात जा. साताऱ्यात पाऊस असतो, कासला जायला लवकर असतं, पण आजी-आजोबा घरीच असतात.

रोख्यांवर किंवा मंडळाच्या सात जागांवर तुम्हाला मत देता येणार नाही, कारण त्यासाठी नागरिक असावं लागतं. टॅक्स भरायचा आणि मत नाही, यावर नवरा चिडला असेल. चिडण्यासारखंच आहे. पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. मंडळाच्या खुल्या बैठकीत विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यावर बोलू देणं टेक्सासमध्ये बंधनकारक आहे. आधी नाव नोंदवायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात. झोनचा विषय असेल तेव्हा आपले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर तीनशे मेसेज लिहितात आणि सभेला दोघं जातात. तिथे ‘आमच्या घराची किंमत पडेल’ असं बोललं की मंडळाचे चेहरे दगडासारखे होतात. ‘आमच्या वसाहतीच्या मधून रेघ गेली तर इतकी मुलं सहापदरी रस्ता ओलांडून जाणार’ असं नकाशासकट बोललं की कुणीतरी लिहून घेतं.

शेवटी बुकिंगचे पैसे. ते अडकलेत म्हणून घर ठेवायचं, हे कारण धरू नकोस. बुडाले तर दुखेल, पण न आवडणाऱ्या घराचा तीस वर्षांचा हप्ता त्याहून महाग पडतो. सोमवारी सकाळी प्रॉस्परच्या नोंदणी कार्यालयाला फोन कर आणि लॉट क्रमांक देऊन आज कुठली शाळा लागते, तिथे जागा आहे की मुलं दुसरीकडे पाठवताहेत, प्री-केची चाचणी कधी, एवढं विचार. दुपारी सध्याच्या डिस्ट्रिक्टला मुलीबद्दल ईमेल टाक, फोन नको, लेखी असू दे. बिल्डरकडून मड-पिडचा दर कागदावर मागून घे, आणि तो हातात येईपर्यंत पुढचा एक डॉलरही भरू नकोस.